डब्यावरची बाई

माझं पोटापाण्याचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या मालाचे कागद करणं. दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका मालवाहतूक कंपनीत मी पंधरा वर्षं तेच करते आहे. टाइल्स, टायर, फ्रोजन मटार, कुणाच्या सायकली, कुणाचे पंखे. त्यातला एकही जिन्नस मी कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही. कागदावरचं वजन जुळलं की माझ्या लेखी माल बरोबर. एवढ्या शिदोरीवर मी तीन वर्षांपूर्वी सासरच्या गावातल्या अकरा बायकांना परदेशी व्यापार शिकवायला निघाले.

सासर मालवणच्या अलीकडे, खाडीच्या काठी. मी मूळची पुण्याची, त्यामुळे विचारलेलं नसताना शिकवायची सवय लहानपणापासूनच. त्या वर्षी सुट्टीहून परतताना गावातल्या बचत गटाचा मसाला आणला आणि अल बर्शातल्या आमच्या इमारतीत तीन घरी दिला. आठवड्याच्या आत तिन्ही बरण्या रिकाम्या होऊन परत आल्या, वर 'अजून आहे का' अशी विचारणा. मला तेवढं निमित्त पुरलं.

गटाची सेक्रेटरी सव्वीस वर्षांची होती. बारावी झालेली आणि मोबाइलवर भराभर लिहिता येणारी गटात ती एकटीच, म्हणून सेक्रेटरी. नवरा दोन वर्षांपूर्वी तापाने गेला होता. पदरात चार वर्षांची लेक, घरात सासू-सासरे. अंगाने काटकुळी, उजव्या भुवईच्या मधोमध जुन्या जखमेची आडवी खूण. तिने मला पहिल्याच आठवड्यात फोनवर सगळं सरळ सांगून टाकलं. तालुक्याच्या गावी एक एजंट होता, आखातात घरकामाला बायका पाठवणारा. तिचा पासपोर्ट सासऱ्यांनी त्याच्याकडे नेऊन दिला होता. तिने हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

"वैनीनू, माल गेलो तर मी रवतलंय," ती म्हणाली. "नायतर माकाच जावचा लागतला."

मालवणी मला अजूनही अर्धीमुर्धीच कळते, पण यात न कळण्यासारखं काही नव्हतं. माल गेला तर ती राहणार. माल नाही गेला तर ती जाणार आणि लेक मागे राहणार. हे तिने इतक्या थंडपणे सांगितलं की मीच घाईघाईने म्हणाले, "मालच जाईल. मी आहे ना."

मग मी कामाला लागले. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये कामगारांच्या आणि स्टाफच्या वस्तीला लागून एक किराणा दुकान आहे, मागे त्याचंच छोटं गोदाम. दुकानदार केरळचा, मवाळ स्वभावाचा, आयातीचा परवाना असलेला. आमचा सौदा सोपा होता. परवाना त्याचा, कागद माझे, मसाला त्यांचा. पहिली खेप दोनशे चाळीस डब्यांची. खपली तर पुढची, नाही खपली तर खलास. जबल अलीच्या कामगार-कॅम्पांमधली कोकणातली पोरं सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे खरेदीला येत, त्यांच्या जिवावर तो तयार झाला होता.

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी चार महिने मनापासून केलं. ऑफिसच्या बसमधून मेसेज पाठवायचे. केस झाका. नखं कापा. तारीख छापा. वजनात एका ग्रॅमचाही फरक नको. मसाला आधी प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद, मग ते पाकीट पुठ्ठ्याच्या डब्यात. अशा एकूण बावीस सूचना मी लिहून काढल्या आणि त्यांनी त्या शाळेतल्या मुलींसारख्या पाळल्या. माझ्यातला मास्तर खूश होता.

एकाच गोष्टीवर वाद झाला. दुकानदार म्हणाला, डब्यावर बाईचा फोटो पाहिजे, खरी गावची बाई, नाहीतर माल मशीनचा वाटतो. मला ते पटलं. मी सेक्रेटरीला सांगितलं, तुझाच फोटो पाठव. ती म्हणाली, माझा नको. का, तर गटातल्या सगळ्यांत मोठ्या बाई, सत्तरीच्या, ज्यांना सगळा गाव काकी म्हणे, त्यांनी नको सांगितलं होतं. दर्यापार तोंड पाठवू नये म्हणे. मी हसले. मग चिडले. म्हटलं, तुला व्यापार करायचाय की काकींना विचारत बसायचंय? दोन दिवसांनी फोटो आला. मसाला कुटायच्या डंक्याशेजारी उभी, अबोली रंगाची साडी, त्यावर बारीक काळे ठिपके, डोळे कॅमेऱ्याकडे पण ओठ मिटलेले. छपाईवाल्याला मी भुवईची खूण तेवढी पुसायला सांगितली. अन्नाच्या डब्यावर व्रण बरा दिसत नाही, असं माझं मत.

माल आला तो भर उन्हाळ्यात. तपासणी गोदामातच होती. अन्नतपासणीला आलेली अधिकारी माझ्यापेक्षा बरीच लहान होती, काळा अबाया, हातात पांढरे मोजे, बोलणं अत्यंत सभ्य. तिने वरचं खोकं उघडलं, त्यातला एक डबा उचलला, झाकण काढलं आणि पाकिटाच्या आधी दोन बोटांनी काहीतरी बाहेर काढलं. कापडाची एवढीशी पुरचुंडी होती. ती सोडल्यावर आतून कोळसा निघाला. सुपारीएवढा, काळाकुट्ट.

"हे काय आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. तिने दुसरा डबा उघडला. त्यातही तेच. तिसऱ्या खोक्यातला, तळातला एक डबा काढला. त्यातही. पुरचुंडी तशीच, गाठ तशीच. गोदामातला एसी घरघरत होता आणि आम्ही तिघं, ती, दुकानदार आणि मी, त्या तीन कोळशांकडे बघत उभे होतो. माझ्या बावीस सूचनांमध्ये 'डब्यात कोळसा घालू नये' ही सूचना नव्हती. असेल कशी?

माल अडकला. बाहेर पार्किंगमध्ये नवरा गाडीत बसला होता, त्याला मी एक पुरचुंडी नेऊन दाखवली. हा माणूस मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाळीस जणांवर साहेब आहे. त्याने काच खाली केली, बघितलं, आणि काच परत वर केली.

"आधी ते लांब ठेव," तो आतून म्हणाला.

मग हळूहळू सांगितलं. त्यांच्याकडे तिखट-मटणाचा डबा वेशीबाहेर न्यायचा असला की आई त्यात कोळसा टाके. वासावर काहीतरी मागे लागतं म्हणून. तो शाळेत असताना एकदा मामाकडे डबा घेऊन चालला होता आणि वाटेत कोळसा काढून टाकला होता. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण तोवर माझं डोकं फिरलं होतं.

तिथेच, उन्हात उभ्या उभ्या, मी सेक्रेटरीला फोन लावला. आणि तोंड सोडलं. आज ते शब्द आठवले की माझीच मला लाज वाटते. अक्कल गहाण ठेवली होती का, म्हणाले. हा काय जत्रेतला डबा आहे का, म्हणाले. चार महिने मी इथे जिवाचं रान केलं आणि तुम्ही भुताखेतांना घाबरून सगळं मातीत घातलंत. माल बुडाला म्हणून समज. आता ते सगळं नष्ट करतील.

तिच्या मागे डंक्याचे ठोके पडत होते. माझं बोलणं संपायच्या आधीच कुणीतरी डंका बंद केला.

"काडून टाकूक येवचे नाय?" तिने विचारलं.

"कोण काढणार? तुझ्यासाठी मी नोकरी सोडून बसू?"

ती म्हणाली, "बरां, वैनीनू." आणि फोन ठेवला.

त्याच संध्याकाळी दुकानदाराने गोडीगुलाबीने सात दिवसांची मुदत मिळवली. पाकिटं सीलबंद आहेत, मसाल्याला काही लागलेलं नाही, तेव्हा दोनशे चाळीस डबे उघडून साफ करा, परत तपासणीला ठेवा. हे मी तिला लगेच कळवायला हवं होतं. पण माझा राग उतरायला दोन दिवस लागतात, आणि ते दोन दिवस मी पुरेपूर घेतले. तिसऱ्या दिवशी मेसेज टाकला, 'सुटेल बहुतेक, काळजी करू नकोस.' तिने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

शनिवारी सकाळी मी आणि माझी बारा वर्षांची लेक गोदामात गेलो. नवऱ्याने आम्हाला सोडलं, पण आत आला नाही. गाडी चालू ठेवून बाहेरच बसला. "बाराच्या आत उरका," एवढंच म्हणाला. कोकणात भर दुपारी बाराला लोक एकटे बाहेर पडत नाहीत, हे मला लग्नानंतर कळलं होतं आणि मी त्यावर पुष्कळ विनोद केले होते.

काम कंटाळवाणं होतं. डबा उघडायचा, पुरचुंडी काढायची, डबा बंद करून चिकटपट्टी लावायची. मी कोळसे एका काळ्या पिशवीत टाकत होते. कापडाचे तुकडे लेकीने वेगळे ठेवायला घेतले, कारण तिला ते आवडले. पाकिटं सीलबंद असूनही मसाल्याचा वास येत होता, आणि जसजसे कोळसे निघत गेले तसतसा तो वाढत गेला. शेवटी शेवटी तर गोदामात कुणीतरी नुकतीच फोडणी घातली आहे असं वाटायला लागलं. दोनदा मी मागे वळून पाहिलं. मागे खोकी होती.

अकराच्या सुमारास लेक म्हणाली, "मम्मा, कम हिअर."

तिने जमिनीवर ते तुकडे जोडायला घेतले होते, चित्रांचं कोडं जुळवतात तसे. काठाला काठ लागत होता, ठिपक्याला ठिपका. वीतवीतभर तुकड्यांची चांगली तीन हात लांब साडी झाली होती आणि अजून ढीग बाकी होता. अबोली रंग, बारीक काळे ठिपके. लेकीने एक डबा उचलून माझ्यासमोर धरला आणि त्यावरच्या फोटोवर बोट ठेवलं.

"सेम साडी. व्हाय डिड शी कट इट?"

मी सेक्रेटरीला नाही, काकींना फोन लावला. सेक्रेटरीशी बोलायला मला अवघड वाटत होतं. काकींनी माझं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, सारवासारवही केली नाही.

"कोळसो मसाल्यासाठी," त्या म्हणाल्या. "कापड तिच्यासाठी."

"म्हणजे काय, काकी?"

"तुमी तिचा तोंड धाडलास मां डब्यावर? तोंड गेला की मागसून माणूस जाता. दर्याक कायतरी दिवचा लागता. म्हणान तिचा कापड घातला, तितक्यात भागतला म्हणान."

मी समजावणीच्या सुरात म्हटलं, काकी, तसं काही नसतं. त्या म्हणाल्या, बरं. मग म्हणाल्या, "काढतास तर काढा. पण कचऱ्यात टाकू नकात. थंयच्या दर्यात सोडा. आणि सोडताना मागे बघू नकात."

साडेबाराला आम्ही बाहेर आलो. ऊन असं होतं की डोळे उघडवत नव्हते. समुद्र तिथून अर्ध्या तासावर. लेकीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं, माझी पाठ मोडली होती, आणि इथल्या समुद्रात पिशवीभर कोळसे ओतताना कुणी पकडलं तर काय सांगणार, हा प्रश्न होताच. ही सगळी कारणं खरी आहेत. पण खरं कारण हे की सत्तरीच्या बाईचं ऐकून मी, शिकलेली बाई, समुद्रात चिंध्या सोडायला जाणार नव्हते. गोदामाच्या मागे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी होती. कोळसे आणि कापड, दोन्ही मी तिच्यात टाकलं. आणि गाडीकडे येताना मागे बघितलं, मुद्दाम. काही नव्हतं. पेटी होती आणि ऊन होतं.

"समुद्रात सोडायला काय झालं असतं?" नवरा म्हणाला. मी पट्टा लावला आणि एसी वाढवला.

माल सुटला. पुढच्याच आठवड्यात डबे दुकानात लागले, दारातून शिरलं की समोरच्याच फळीवर. चाळीस डबे, चाळीस फोटो. खरं सांगायचं तर मला भरून आलं. रविवारी कंपनीच्या बसमधून उतरलेली कणकवली-सावंतवाडीकडची पोरं डबा उचलून आधी नाकाला लावत आणि मग एकमेकांकडे बघून हसत. दुकानदार महिन्याच्या आत म्हणाला, दुसरी खेप मागवू. मी तिला फोन केला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? आता त्या एजंटाकडून पासपोर्ट आण परत."

"आणतंय," ती म्हणाली.

"कधी?"

"आणतंय, वैनीनू."

तिच्या आवाजात आनंद कमी होता, हे मला तेव्हाही जाणवलं. पण आनंद माझ्याकडे इतका होता की तिच्या वाट्याचाही मीच करून घेतला.

याच सुमारास दुकानदाराने ती गोष्ट काढली. मी मालाचा हिशोब बघायला गेले होते. तो सहज म्हणाला, "मॅडम, आपका डब्बावाला लेडी आया था."

"कौन?"

त्याने फळीवरचा डबा उचलला आणि फोटोवर टिचकी मारली. "ये. हर शनिवार आता है. दोपहर को, जब कोई नहीं होता. डब्बा उठाता है, देखता है, रखता है. लेता कुछ नहीं."

मी हसले. म्हटलं, दिवसभर तेच चाळीस चेहरे समोर असले की कुणीही बाई तशीच दिसेल. तो हट्टाला पेटला नाही. नुसती मान डोलावली आणि आपल्या उजव्या भुवईवरून आडवं बोट फिरवलं. "इधर कट है उसका," तो म्हणाला.

मी डबा हातात घेऊन बघितला. फोटोतली भुवई अखंड होती. ती खूण मीच पुसायला लावली होती, आणि मूळ फोटो त्याने कधी पाहिलेला नव्हता.

बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि व्हिडिओ कॉल लावला. तिने उचलला. डंक्याशेजारीच होती, तोंडावर लाल धुरळा, डोक्याला रुमाल, मागे लेक कोंबड्या हाकत होती. भुवईवर खूण जिथल्या तिथे.

"काय झाला, वैनीनू?"

"काही नाही. सहज."

पुढचे तीन शनिवार मी दुपारी दुकानात जाऊन बसले. नवऱ्याला सांगितलं, स्टॉक बघायचाय. त्याने विश्वास ठेवला नाही. घरात त्याने त्या डब्यांतला मसाला खाणं सोडलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी कुणी आलं नाही. तिसऱ्या शनिवारी मी पाच मिनिटं मागच्या गोदामात गेले आणि परत आले, तर फळीवरचे सगळे डबे उलटे फिरवलेले होते. फोटो भिंतीकडे, पाठ बाहेर. नीट, एका ओळीत, घरातली बाई भांडी लावते तसे. दुकानदार गल्ल्यावर होता.

"ऐसाच करके जाता है," तो म्हणाला. त्याला भीती वगैरे वाटत नव्हती. "शरम आता होगा उसको, अपना फोटो देख के."

मी डबे एकेक करून सरळ केले. घाबरले होते. पण कुणाला सांगू? काकींना सांगितलं असतं तर त्या 'बरं' म्हणाल्या असत्या, आणि त्यांचं ते 'बरं' मला ऐकायचं नव्हतं. सेक्रेटरीला तर मुळीच सांगायचं नव्हतं. तिला काय म्हणणार, तू इथे फिरतेस म्हणून? मी तिला रोज सकाळी उठल्याबरोबर मेसेज टाकायला लागले, काहीतरी फालतू, तारखेचा शिक्का, पाकिटाची जाडी. उत्तर आलं की मला बरं वाटे. ती अजून तिथेच आहे, एवढं त्या उत्तरातून कळे.

मग एका सोमवारी उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही. फोन बंद. मला वाटलं, रेंज नसेल, पावसाळा आहे. दुसऱ्या खेपेची गडबड चालू होती. गटातल्या दुसऱ्या एका बाईने वजनांची यादी पाठवली, सेक्रेटरीच्या जागी तिचंच नाव. मी विचारलं, ती कुठाय? त्यावर दोन आठवडे वेगवेगळी उत्तरं आली. माहेरी गेली. बरी नाही. देवाच्या कामाला गेली. शेवटी मी काकींना फोन केला.

"ती गेली," काकी म्हणाल्या.

"कुठे?"

"तुमच्याकडेच. तीन बेस्तरवार झाले इमानात बसली त्येका."

विमानात बसून तीन गुरुवार झाले होते. पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं ते हेच, की का? माल तर गेला ना, मसाला तर खपला ना?

काकींनी सांगितलं. मी पार्किंगमध्ये उभी राहून फोन केला, त्याच दुपारी ती तालुक्याला गेली होती. माल बुडालो म्हणालात मां तुमी, काकी म्हणाल्या. एजंटाकडे जाऊन ती हो म्हणून आली, कागदावर सही करून आली. माझा मेसेज तिसऱ्या दिवशी पोचला. तोवर कागद पुढे गेले होते. तिने नको म्हणायचा प्रयत्न केला, सासऱ्यांनी ऐकलं नाही, एजंटाने तर नाहीच. व्हिसा आला तेव्हा दुसऱ्या खेपेचा मसाला डंक्यावर कुटला जात होता.

"मला का नाही सांगितलं तिने? मी बोलले असते एजंटाशी. मी काहीतरी केलं असतं."

"तुमका सांगूक ती भियाली," काकी म्हणाल्या.

तिने घरी एकदाच फोन केला होता, मालकिणीच्या मोबाइलवरून, पाच मिनिटं. खायला मिळतं. काम फार आहे. स्वतःचा मोबाइल त्यांनी ठेवून घेतलाय. घर कुठल्या गावात आहे ते तिला माहीत नव्हतं. खिडकीतून भिंत दिसते आणि एक खजुराचं झाड, म्हणाली. दाराबाहेर सोडत नाहीत.

मी पंधरा वर्षं या देशातली प्रत्येक खेप कागदावरून शोधून काढते आहे. कुठला कंटेनर, कुठल्या गोदामात, कुठल्या फळीवर. त्या आठवड्यात मी एजंटाला फोन केले, त्याने नंबर बदलला होता. ओळखीच्यांना विचारलं, दूतावासाच्या मदत क्रमांकावर सगळी माहिती लिहून दिली. तिथल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी मालकाचं नाव विचारलं, पत्ता विचारला, एमिरेट कुठलं ते विचारलं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे तिचा फोटो होता, भुवईची खूण पुसलेला.

शनिवारी दुपारी मी दुकानात गेले. का गेले ते सांगता येत नाही. घरी बसवेना. दुकानात शुकशुकाट होता. फळीवर दुसऱ्या खेपेचे डबे लागले होते, सगळ्यांचे चेहरे बाहेर, माझ्याकडे.

दुकानदाराने मला पाणी दिलं. मग माझी नजर फळीवर आहे हे बघून म्हणाला, "वो लेडी अब नहीं आता, मॅडम. तीन हफ्ता हुआ."

मी फळीवरचा एक डबा उचलला.

"गाँव गया होगा," तो म्हणाला. "वेकेशन."

"नाही," मी म्हणाले, मराठीतच. "आता ती आली आहे."